किमान वेतनाचा दावा केला, त्या आठ महिन्यांबद्दल

जून २०२२ मध्ये एस.वाय. बी.कॉम.ची परीक्षा दिली आणि लगेच जळगावात एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा वय २०. गाव धरणगाव तालुक्यात, रोज सकाळी एसटीने पाळधीमार्गे जळगाव आणि रात्री परत. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण मला भांडण पुन्हा उकरायचं नाही. पण जे झालं ते तारखांसकट लिहून ठेवते, कारण मी जेव्हा शोधत होते तेव्हा साध्या मराठीत सांगणारं कोणी सापडलं नव्हतं आणि त्या शोधाशोधीतच माझे महिने वाया गेले.

पहिले सहा महिने ६,००० रुपये, "ट्रेनी" म्हणून. जानेवारी २०२३ पासून ७,५००. काम बिलिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरवर बिल काढायचं, स्टॉक चढवायचा, जीएसटीचे आकडे महिन्याच्या शेवटी अकाउंटंटला पाठवायचे, आणि गर्दी नसेल तेव्हा साड्या-ड्रेस घड्या घालून ठेवायचे. सकाळी १० ते रात्री ८. आठवड्यात एक सुट्टी. आम्ही एकूण ८ जण होतो, त्यातले ५ जण पंचविशीच्या आतले, आणि आम्हा पाचही जणांना शेठचं एकच वाक्य होतं, "अजून शिकून राहिले तुम्ही."

मलाही ते खरंच वाटायचं. आपल्याकडे पहिल्या नोकरीत पगाराचं बोलणं म्हणजे उद्धटपणा समजतात ना. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा महिन्याला थोडे पैसे सुटायला लागले, तर मला वाटलं पगारच वाढला.

डोळे उघडले ते सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीत. माझा मावसभाऊ जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. त्याच्या मोबाइलमध्ये कारखान्याच्या गेटजवळच्या फलकाचा फोटो होता, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन रकाने आणि पुढे आकडे. दादा म्हणाला, "दुकानांचा दर वेगळा असतो, पण असतो नक्की. तुझ्याकडे लावलाय का असा कागद?" आमच्याकडे देवाचे फोटो आणि 'उधार बंद' हीच पाटी होती.

मग रात्री राज्याच्या कामगार विभागाच्या वेबसाइटवर किमान वेतनाचे दर शोधले. 'दुकाने व व्यापारी आस्थापना' असा वेगळा उद्योग आहे त्यात. तीन परिमंडळं असतात, महापालिकेची शहरं पहिल्या परिमंडळात, नगरपरिषदेची गावं दुसऱ्यात, बाकीचा भाग तिसऱ्यात. तुम्ही राहता कुठे त्याचा संबंध नाही, काम कुठे करता ते बघायचं. जळगाव महापालिका, म्हणजे पहिलं परिमंडळ. जुलै २०१९ च्या दरांप्रमाणे तिथे मूळ वेतन कुशलला ११,६३२, अर्धकुशलला १०,८५६ आणि अकुशलला १०,०२१. आणि हे फक्त मूळ, याच्यावर विशेष भत्ता असतो तो महागाईप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. म्हणजे नुसता झाडू मारणाऱ्या माणसालाही भत्ता सोडून १०,०२१ द्यायचे आणि मी कॉम्प्युटर सांभाळून ७,५०० वर.

त्या रात्री वहीत हिशोब केला. ७,५०० भागिले २६ म्हणजे दिवसाला २८८ रुपये. दहा तासांनी भागलं तर तासाला २९ रुपयेसुद्धा नाहीत. त्याच आठवड्यात माझी आई कापूस वेचायला जात होती, किलोवर मजुरी, आणि चांगला कापूस फुटलेला असला की तिचा दिवस माझ्यापेक्षा जास्तीचा पडत होता. तिच्या पाठीचं दुखणं मी रोज बघते, ती मजुरी जास्त आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण तिने पंधरा वर्षं तशी पाठ मोडून मला शिकवलं आणि शिकून मी तिच्यापेक्षा कमी कमवत होते, हे वहीत आकड्यात दिसलं तेव्हा मी रडले.

९ ऑक्टोबरला हिंमत करून शेठला विचारलं. ते ओरडले वगैरे नाहीत, उलट खुर्ची दिली. म्हणाले, "बेटा, ते सरकारी आकडे मोठ्या कंपन्यांसाठी असतात. आणि तू सही केलेली आहे ना साडेसातला?" खरंच, जानेवारीत एका कागदावर 'मला हा पगार मान्य आहे' अशी सही घेतली होती. मी गप्प बसले. नंतर कळलं की या दोन्ही गोष्टींना अर्थ नव्हता. एक माणूस कामाला असला तरी किमान वेतन लागू होतं. आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्यात कलम २५ होतं, त्याप्रमाणे किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दच धरला जातो, सही असो की अंगठा.

पण तेव्हा हे माहीत नसल्यामुळे मी सगळी दिवाळी तशीच काढली. रात्रीचे साडेदहा-अकरा वाजायचे, शेवटची गाडी चुकली की मावशीकडे राहायचं. जास्तीच्या तासांचे पैसे नाहीत, दिवाळीला एक ड्रेस आणि मिठाईचा डबा. एक गोष्ट मात्र केली, रोज किती वाजता आले आणि किती वाजता निघाले ते मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायला लागले. पुढे ते फार कामी आलं.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार, तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि कामगार कार्यालयात गेले. मला वाटलं होतं कोणी उभं करणार नाही. पण तिथल्या मॅडमनी बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "पगार कमी कधीपासून आहे?" मी सांगितलं दीड वर्ष. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "दावा सहा महिन्यांच्या आतला करता येतो. त्याच्या मागचं मिळवायचं तर उशीर का झाला याचं सबळ कारण द्यावं लागतं."

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. म्हणजे मी विचार करत बसले, घाबरत बसले, दिवाळी होऊ दे म्हणत बसले, तेव्हा पुढे एक महिना काम होत होतं आणि मागून एक महिना गळून पडत होता. 'मला माहीत नव्हतं' हे कारण सबळ धरलं जात नाही, आजारपण वगैरे काही असलं तर गोष्ट वेगळी.

मॅडमनी आधी साधा तक्रार अर्ज द्यायला सांगितला. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घ्यायचा, तो घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ६ डिसेंबरला दुपारी अधिकारी दुकानात तपासणीला आले. शेठनी मला डोळ्यांनी वर गोडाऊनमध्ये जायला खुणावलं, पण समोर तीन गिऱ्हाइकं बिलासाठी उभी होती, मी उठणार कशी. साहेबांनी हजेरीपुस्तक आणि पगाराची नोंदवही मागितली. आठ माणसांपैकी पाचांचीच नावं त्यात, आणि त्यात माझं नाव नव्हतं. साहेब काउंटरपाशी आले, नाव काय, काम काय, पगार किती. माझे हात कापत होते. सगळं दुकान ऐकत होतं. मी खरं ते सांगितलं.

७ तारखेला नोव्हेंबरचे ७,५०० हातात ठेवले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले.

घरी आल्यावर आई पहिले काहीच बोलली नाही. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "आपुन गरीब मानसं बाई, त्यासनासंगे कसाले भांडनं?" तिचं चुकलं असं मला वाटत नाही. नोकरी गेली होती, टी.वाय.च्या फॉर्मची फी भरायची होती आणि मी एका कागदाच्या मागे लागले होते. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात दोनदा मी सगळं सोडून द्यायचं ठरवलं.

मग कोणीतरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं सांगितलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि पुरुष कामगारांनाही औद्योगिक कामगार म्हणून मिळू शकतो. १५१०० हा त्यांचा फोन नंबर, पैसे लागत नाहीत. आधार कार्ड, एक अर्ज, दोन फोटो, एवढ्यावर मला आठ दिवसांत एक वकील ताई मिळाल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडची बांधकामं करणाऱ्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही बळजबरीची मजुरीच, राज्यघटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली. मी तोपर्यंत समजत होते मी जास्तीचं काहीतरी मागतेय. त्या दिवशी बसमध्ये खिडकीपाशी बसून मी तेच एक वाक्य मनात घोळवत घरी आले.

१८ डिसेंबर २०२३, सोमवार. किमान वेतन कायद्याच्या कलम २० खाली, असे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यांपुढे दावा दाखल. जून ते नोव्हेंबर असे सहा महिने बसले, कारण जूनचा पगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात देय होतो, मुदत तिथून मोजतात. आधीचे बारा महिने सोडून द्यावे लागले. अर्धकुशल धरून मूळ वेतनाचा फरकच महिन्याला ३,३५६, सहा महिन्यांचे २०,१३६, त्यावर विशेष भत्ता, आणि दिवाळीच्या जास्तीच्या तासांचे दुप्पट दराने. शिवाय नुकसानभरपाई, ती फरकाच्या दहापटीपर्यंत देता येते, पण देतातच असं नाही. माझ्याकडून अर्जाची फी कोणी घेतली नाही. झेरॉक्स, टायपिंग, फोटो मिळून ३४० रुपये गेले.

पुराव्याचं थोडं जास्त सांगते कारण इथेच पोरं अडकतात. माझा पगार एरवी रोखीत होता, अपॉइंटमेंट लेटर नाही, स्लिप नाही. मग कामाला होते हे दाखवायचं कसं? बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन माझ्या नावाचं होतं आणि प्रत्येक बिलाच्या खाली ते छापून यायचं. नात्यातल्या ज्यांनी ज्यांनी त्या दुकानातून खरेदी केली होती त्यांच्याकडून जुनी बिलं गोळा केली, ११ मिळाली. सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पगार शेठच्या पुतण्याने यूपीआयने पाठवला होता, त्याचं बँक स्टेटमेंट काढलं. व्हॉट्सअॅपवर "उद्या लवकर ये, माल येणार" असे मेसेज होते, त्यांच्या तारखेसकट प्रिंट काढल्या. आणि सगळ्यात भारी काम झालं ते माहितीच्या अधिकारात. ११ डिसेंबरला तपासणीच्या शेऱ्याची प्रत मागितली, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये. ४ जानेवारीला कागद हातात. त्यात लिहिलं होतं की तपासणीच्या वेळी मी बिलिंग काउंटरवर काम करताना आढळले. नोंदवहीत नाव नसलेली मुलगी सरकारी कागदावर मात्र काम करताना सापडली होती.

पहिली तारीख २३ जानेवारी २०२४. समोरून कोणीच आलं नाही. २० फेब्रुवारीला त्यांचे वकील आले, लेखी म्हणणं द्यायला मुदत मागितली. १९ मार्चला म्हणणं आलं, त्यात मी 'शिकाऊ', 'हेल्पर' आणि वरून 'दिवसाला चार तास'. त्यात लोकसभेची आचारसंहिता लागलेली. १३ मे ला आपल्याकडे मतदान होतं, कर्मचारी निवडणुकीच्या ड्युटीवर, तारखा पुढे गेल्या. हे अडीच-पावणेतीन महिने सगळ्यात वाईट. घरातले विचारतात काय झालं, सांगायला काही नाही. मी एप्रिलमध्ये परीक्षा दिली आणि धरणगावातच एका ठिकाणी अर्धा दिवस टायपिंगचं काम धरलं. तारखेला मला स्वतःला जावं लागणार म्हणून नव्या ठिकाणी आधीच सांगून ठेवलं होतं की महिन्याला एक मंगळवार सुट्टी लागेल, ते बरं झालं.

साक्षीदाराचं मात्र जमलं नाही. दुकानात माझ्यासोबत एक ताई होत्या, चार वर्षं झालेली, पगार ८,०००. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, दोन्ही लेकरांना बाहेर खेळायला पाठवलं आणि म्हणाल्या, "मी आले तर माझंही जाईल गं." मला तेव्हा राग आला होता. आज नाही, चार वर्षांच्या ८,००० वर त्यांचं घर चालत होतं आणि बाहेर त्याच पगारावर यायला दहा पोरी तयार होत्या. पगार कमी का राहतात याचं उत्तर मला तिथे त्यांच्या ओट्यावर मिळालं. एकेकटीने मागायला गेलं की मालक म्हणतो जा, दुसरी येईल, आणि ती येतेच. म्हणून तर आकडा सरकारने ठरवून द्यावा लागतो, म्हणजे दुसरी आली तरी तिलाही त्याच्या खाली ठेवता येऊ नये. पण आकडा नुसता कागदावर असेल तर त्या ताईंना त्याचा काय उपयोग?

११ जूनला माझी साक्ष आणि उलटतपासणी. त्यांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला काम दुकानात शिकवलं की नाही?" मी म्हटलं हो, पहिले आठ दिवस. "मग शिकाऊच झालात ना?" मी म्हटलं, "सहा महिन्यांनी नवीन मुलगी आली, तिला मी शिकवलं. मग मी कोण?" हे आधीपासून ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. मग आमच्या वकील ताईंनी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा नोंदणी केलेला करार दाखवा असं सांगितलं. शिकाऊ म्हणजे त्या कायद्यातला करार असलेला उमेदवार, त्याचं विद्यावेतन वेगळं ठरलेलं असतं. शेठने तोंडाने ट्रेनी म्हटलं म्हणून कोणी शिकाऊ होत नाही. करार नव्हताच. आणि चार तासांचं म्हणणं त्यांच्याच बिलांनी पाडलं, एकाच तारखेचं सकाळी १०:४० चं आणि संध्याकाळी ७:५५ चं बिल, दोन्हीवर माझं नाव.

१६ जुलैला, आषाढीच्या आदल्या दिवशी, समोरून तडजोडीचं विचारलं. आधी अकुशल धरून देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. भत्त्यासकट अर्धकुशलचा पूर्ण फरक आणि जास्तीच्या तासांचे पैसे, यावर मी थांबले. नुकसानभरपाई सोडून दिली. वकील ताईंनी दोन्ही बाजू समजावल्या होत्या, की निकाल घेतला तर भरपाई मिळू शकते पण पुढे हायकोर्टात रिट अर्ज झाला तर अजून वर्ष-दोन वर्षं. मी थकले होते. कायद्याने देणं होतं त्यातला रुपया सोडला नाही, दंड सोडला, यावर मी समाधानी आहे का हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. तुमची परिस्थिती असेल तर निकालापर्यंत जा असंच मी सांगेन.

६ ऑगस्टला सगळं प्राधिकाऱ्यांपुढे लिहून घेतलं, बाहेर कोपऱ्यात पैसे घेऊन सही करायची नाही हे वकील ताईंनी बजावलं होतं. ४१,५०० चा डिमांड ड्राफ्ट. माझा येण्याजाण्याचा, झेरॉक्सचा, प्रिंटांचा सगळा खर्च मिळून १,८०० च्या आसपास झाला, त्यात एसटीचं अर्धं तिकीट धरलंय.

ड्राफ्ट बँकेत टाकून घरी आले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत होती. रक्कम सांगितली. तिने हात पुसले, कागदाची झेरॉक्स उलटीसुलटी करून बघितली, आणि विचारलं, "मंग मांगला बारा महिनासना पैसा?" मी म्हटलं, ते गेले. ती म्हणाली, "पोटनं काम व्हतं ते," आणि परत शेंगा फोडायला लागली.

हे सगळं आता लिहितेय कारण मधे कायदा बदलला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, १९४८ चा कायदा तिच्यात गेला. सहा महिन्यांची अट गेली, दावा करायची मुदत आता तीन वर्षांची आहे, आणि किमान वेतन ठराविक उद्योगांपुरतं न राहता सगळ्याच कामांना आहे. गेल्या महिन्यात त्या दुकानातल्या ताईंचा फोन आला होता. त्यांचा पगार आता ९,००० आहे. पहिल्या भेटीत काय काय कागद न्यायचे असं विचारत होत्या. मी सांगितलं, आधी बँकेचं स्टेटमेंट काढा, मोबाइलमधले मेसेज डिलीट करू नका, आणि आजपासून यायची-जायची वेळ रोज लिहा.